उजव्या कानाची खाच

"बस की रं बाबा आता," असं म्हणत सुषमानं मॅनिफोल्ड पुन्हा उचलला आणि इंजिनाच्या हेडमधून निघालेल्या स्टडांवर धरून पुढं रेटला. पहिले दोन स्टड भोकांत गेले, बाकीचे अडले. तिनं तळहातानं वरून एक दणका दिला, तसा तो गेलेल्या दोन स्टडांवरूनही सुटला आणि सगळा भार घेऊन तिच्या पोटाशी आला.

बाहेर रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसलेल्या बिरदेवनं मान वळवली. "व्हय?"

"काय न्हाई. स्टड साफ करतीया."

"व्हय," तो म्हणाला आणि पुन्हा रस्त्याकडं बघू लागला.

लकव्याचा अटॅक आल्यापासून नवऱ्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बाकीची सगळी भाषा एका सकाळी गेली, आणि का कोण जाणे, 'व्हय' तेवढा मागं राहिला. चहा हवा असला तरी व्हय, नको असला तरी व्हय. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा सुरुवातीला सुषमाला याचं हसू यायचं, कारण उभ्या संसारात ज्या माणसानं तिच्या एकाही म्हणण्याला सरळ होकार दिला नव्हता तो आता दिवसभर होकार देत बसला होता. मग हसू आटलं. आवाजाच्या चढउतारावरून तो काय म्हणतो ते ती ओळखायला शिकली. फार दमलेली असली की तेही ओळखायची नाही, नुसतं "बरं" म्हणायची. असे दिवस आताशा वाढले होते.

शिरूरहून न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं शेड. पुढं पत्र्याचं वर्कशॉप, मागं राहायच्या दोन खोल्या. 'बिरदेव हेड वर्क्स' अशी पाटी होती, आणि एके काळी खरोखरच तालुक्यातल्या नादुरुस्त इंजिनांची डोकी इथं येऊन पडायची. ट्रॅक्टरची, पाण्याच्या पंपांची, टेम्पोची. बिरदेव खोलायचा, बसवायचा. सुषमा समोर बसून व्हॉल्व्ह घासायची. लग्न होऊन आली तेव्हापासून घासत होती. पुढं वेल्डिंग शिकली, ग्राइंडर चालवायला शिकली, पोर्टात, म्हणजे हवा जायच्या भोकात, करंगळी घालून कुठं कंगोरा राहिलाय ते सांगायला शिकली. पण गिऱ्हाइकाच्या लेखी काम बिरदेवचं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. घरातला चहा कोण करतं हे कुणी पाटीवर लिहीत नाही.

हा मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, केंदूरच्या जयसिंग आबांच्या जीपचा. आबा म्हणजे बागायतदार असामी, एके काळी सोसायटी त्यांच्या शब्दावर चालायची. पेट्रोलची जुनी जीप त्यांच्या उमेदीतली. तिला मागं कधी तरी दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचं हेड बसवलं होतं, त्यामुळं बाजारातला कुठलाच मॅनिफोल्ड तिला लागू पडायचा नाही. जुना ठिगळं लावून लावून चालवला, तो शेवटी फुटला. तेव्हा बिरदेवनं अंगावर घेऊन नवा घडवायला घेतला होता. हेडला टेकणारी जाड पट्टीची फ्लँज कापली, चार वाकड्या नळ्या तिच्यावर वेल्ड केल्या, वर कार्बोरेटरची बैठक बसवली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो न्हाणीत पडला. मॅनिफोल्ड फळीवर राहिला, जीप शेडच्या कोपऱ्यात.

आता आबांच्या नातवाचा, इंद्रजीतचा, फोनवर फोन चालू होता. आजही सकाळीच आला होता.

"मामी, रविवारी न्यायाची बरं का जीप. आबांनी ध्यास घेतलाय. म्हनत्यात, एकदा तिच्यात बसवून मला मळ्यापतोर न्या, मग माझं काय बी होऊ द्या."

"व्हईल की. नुस्ता बसवायचाच राहिलाय."

"मामांनीच केलाय नव्हं पन? न्हाई, आबा सारखं त्येच इचारत्यात. बिरूच्या हातचं असंल तरच बसवा म्हनत्यात, नायतर उभी हाय तशी उभी राहू द्या."

"त्यांच्याच हातचा हाय," सुषमा म्हणाली होती. खोटं नव्हतंच ते.

आणि बसायला हरकत नव्हती, कारण मॅनिफोल्डच्या डाव्या कानाला खाच होती.

फ्लँजच्या दोन टोकांना बोल्टासाठी बाहेर काढलेली जागा असते, तिला वर्कशॉपात कान म्हणतात. बिरदेव काम पुरं झालं, हेडवर बसलं, मनाला पटलं की तिकोनी कानस घेऊन डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक बारीक खाच पाडायचा. ही चाल मेंढरांची. धनगराच्या वाड्यात कुठलं मेंढरू कुणाचं ते कान बघून कळतं. कोकरू लहान असतानाच मालक कानाला खाच घेतो, आणि घराघराची खाच वेगळी. बिरदेवच्या घराची खूण डाव्या कानाला. फक्त घरातल्या सुनेनं माहेराहून आणलेली मेंढरं असली तर त्यांची खाच उजव्या कानाला घ्यायची. ती तिची. त्यांची लोकर तिची, कोकरं तिची, विकायची का ठेवायची ते तीच ठरवणार. सासूबाई, म्हणजे गिताबाई, याबाबतीत कुणाचं चालू द्यायच्या नाहीत. सुषमाच्या लग्नात तिच्या वडिलांनी, खुटबावच्या आण्णांनी, पाठवलेल्या मेंढ्यांचे उजवे कान गिताबाईंनी स्वतः उभं राहून खाचून घेतले होते.

पुढं चरायला रान उरलं नाही. कळप मोडला, माणसं एका जागी बसली, आणि बिरदेव दौंडच्या एका उस्तादाकडं हे काम शिकून आला. त्याला स्वतःची वेल्डिंग मशीन हवी होती. सुषमाच्या उजव्या कानाच्या मेंढ्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्या तिनं विकून टाकल्या. मशीन आली. त्यावर पुन्हा दोघांत कधी बोलणं झालं नाही, तिलाही ते एवढं मोठं वाटलं नव्हतं. मेंढरं गेली आणि खाच तेवढी लोखंडावर आली, डाव्या कानाला.

तो आजारी पडल्यापासून शेडमधून जाणारं कुठलंच काम खाचेचं नव्हतं. मालकानं घ्यायची खूण आपण कशी घ्यायची, म्हणून सुषमानं कानस भिंतीवरून काढलीच नव्हती.

तर, या मॅनिफोल्डला खाच होती आणि तो बसत नव्हता.

तिनं खिळ्याला टांगलेला कागद काढला. हेडच्या तोंडाला काळं ऑइल चोपडून त्यावर पॅकिंगचा कागद दाबून बिरदेवनं ठसा घेतला होता, त्यात चार पोर्ट, सहा स्टड आणि टोकाचं पाण्याचं भोक उमटलं होतं. कागद हेडवर धरला तर तंतोतंत बसला. मग तिनं तो फ्लँजवर धरला. पाण्याचं भोक उलट्या टोकाला आलं. मागचे दोन पोर्ट जवळ जवळ हवेत, ते लांब लांब. तिनं कागद उलटा केला. काळी बाजू वर आल्याबरोबर सगळं जिथल्या तिथं जुळलं.

सुषमा कागद हातात घेऊन स्टुलावर बसली.

ठशाची काळी बाजू हेडाकडं असते. पट्टीवर आखताना कोरी बाजू वर ठेवायची, त्याच बाजूला नळ्या लावायच्या. काळी बाजू वर ठेवली तर आखायला सोपं जातं, सगळं ठळक दिसतं, पण मग सबंध फ्लँज आरशातल्यासारखी उलटी होते. हे तिला बिरदेवनंच शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे किती! नवी आली तेव्हापासून कानीकपाळी ओरडून. "काळी हेडाला, कोरी आपल्याला. झोपंत उठवून इचारलं तरी सांगता आलं पायजे." आणि त्यालाच ते सांगता आलं नव्हतं. वर मॅनिफोल्ड हेडवर न लावता, न बघता, त्यानं खाचसुद्धा पाडून टाकली होती.

म्हणजे तो तेव्हाच आजारी होता.

तिला ते एकदम दिसलं. याच नळ्यांचे बेंड, म्हणजे तयार वाकवलेले तुकडे, आणायला तो दौंडला गेला होता आणि संध्याकाळी हात हलवत परत आला होता. चौफुल्याला उतरलो आन् बसून राहिलो, म्हणाला. कशापायी? ते त्याला सांगता येईना. सुषमानं तेव्हा त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं होतं, पिऊन बसला असशील कुठं तरी म्हणून. ज्यानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही त्याला. दुसऱ्या दिवशी बेंड तिनंच जाऊन आणले.

"व्हय?" बाहेरून आवाज आला. बराच वेळ आत काही वाजलं नव्हतं म्हणून.

"च्या ठिवतीया," ती म्हणाली, पण उठायला तिला जरा वेळ लागला.

रात्रभर तिचा विचार ठरेना, सकाळी ठरला. सांगायचं नाही. त्याच्या हातचं हे शेवटचं काम, याच्यानंतर त्याचा हात काही चालणार नव्हता. डॉक्टर काही म्हणोत, बायकोला ते कळलं होतं. एवढा जन्म ज्याचं हेड कधी परत आलं नाही, त्याला ते शेवटचं उलटं बसलं होतं हे कशाला कळायला हवं? फ्लँज मुळात चुकलेली नव्हती. नळ्या चुकीच्या बाजूला लागल्या होत्या. नळ्या कापायच्या, फ्लँज पालथी करायची, दुसऱ्या बाजूला पुन्हा वेल्ड करायच्या. ते तिला येत होतं.

फक्त तो दारात बसलेला असताना ते करता येणार नव्हतं. ग्राइंडर कशावर चालतोय हे त्याला आवाजावरून कळायचं. पत्रा कापतेस का नळी कापतेस, ते तो पाठमोरा बसूनही ओळखायचा.

त्यांची मुलगी प्रगती रांजणगावला कंपनीत कामाला होती, तिची गुरुवारी सुट्टी, म्हणून आज ती घरीच होती. दौंडला लकव्यावर मालिश करणारे एक जण होते, त्यांच्याकडं ती वडिलांना अधूनमधून न्यायची.

"आज न्हेतीस का पप्पांना? आन् रातच्याला खुटबावला आण्णांकडं ऱ्हावा. उद्या परत मालिश करून संध्याकाळी या."

"उद्याची मला सुट्टी टाकाया लागंल आई."

"टाक की एक दिवस."

प्रगतीनं आईकडं बघितलं. "आन् तू?"

"मला हितं काम हाय."

"तुला निवांत झोप काढायची आसंल," प्रगती हसून म्हणाली. सुषमाही हसली. झोप! झोपेचं नुसतं नाव ऐकून तिच्या डोळ्यांवर आलं.

ओळखीच्या गाडीत बिरदेवला बसवताना त्यानं तिचा हात धरून ठेवला. त्याला घरातून हलायचं नव्हतं. "व्हय," तो म्हणाला, आणि हा 'व्हय' नाहीचा होता हे तिला चांगलं कळत होतं. तरी तिनं हात सोडवून घेतला.

"उद्याच्याला येनारच हाय की तुम्ही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गाडी वळणाआड गेली तशी तिनं शेडचं शटर अर्धं ओढलं आणि मॅनिफोल्ड बाकावरच्या पकडीत, शेगड्यात, आवळला.

पहिली नळी कापायला तिचा हात होईना. बिरदेवची वेल्डिंग म्हणजे बघत राहावी अशी; रॉड कुठं थांबला, कुठं पुढं गेला काही कळायचं नाही, कोऱ्या लुगड्याच्या काठासारखी सरळ जायची. आणि इथं तर त्यानं किती निगुतीनं केली होती! चुकलेल्या बाजूला एवढं सुंदर काम बघून तिला रडू फुटलं. रडता रडता तिनं चष्मा लावला आणि ग्राइंडर चालू केला.

चारही नळ्या सुटल्या. फ्लँज पालथी केली आणि मग तिच्या ध्यानात आलं. फ्लँज पालथी झाली तशी खाचही पलीकडं गेली होती. डाव्या कानावरची उजव्या कानावर.

तिनं कपाळावर हात मारला. जाताजाता नजर टाकली तरी बिरदेव ओळखणार. घराची खाच उजवीकडं कशी आली? म्हणजे पट्टी उलटी केली. मग सगळंच उलगडणार. तिनं रॉड लावला आणि आधी खाच भरून टाकली. वितळलेलं लोखंड खाचेत उतरून लाल झालं, मग काळं पडलं. नवऱ्याची खूण आपण बुजवली हे तिला बरं वाटलं नाही, पण तिनं वर घासून जागा सपाट केली.

दुपार सगळी नळ्यांत गेली. फ्लँज नुसती धरून वेल्ड केली तर तापून वाकडी होते, म्हणून ती तिनं भंगारातल्या एका जाड प्लेटवर बोल्टांनी आवळली आणि मग एकेक नळी लावली. एक नळी आखूड पडली, तिला जोड दिला. तिची वेल्डिंग बिरदेवसारखी नव्हती. तिचा हात मध्येच थबकायचा, तिथं गाठ यायची. त्याच्यासारखी करायची म्हणून तिनं श्वास धरून रॉड ओढला तर आणखीच बिघडलं, मग तिनं नाद सोडला आणि आपल्या हातानं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनिफोल्ड हेडवर ठेवला. हात लावून जरा रेटला आणि तो सगळ्या स्टडांवर एकदम सरकला, आत जाऊन टेकला. तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शेडमध्ये कुणी नव्हतं.

खरं काम पुढंच होतं. बसला म्हणजे जुळला असं होत नाही. हेडच्या तोंडाला निळा रंग फासून तिनं मॅनिफोल्ड लावला, काढला, कुठं किती रंग लागला ते बघितलं. दोन पोर्टांत मॅनिफोल्डची कड आत डोकावत होती, एकीकडं वेल्डिंगचा थेंब गोठला होता. छोट्या दगडानं ती एकेक पोर्ट घासत गेली. "हवा आंधळी आसती," बिरदेव सांगायचा. "उंबरा लागला की ठेचकाळती. तिला कळू बी द्यायचं न्हाई का कुठं घर संपलं आन् कुठं दुसरं लागलं." मॅनिफोल्डचं भोक हेडच्या पोर्टापेक्षा केसभर लहान चालतं, मोठं चालत नाही, मोठं झालं की हेडाची कड हवेच्या तोंडावर येते. म्हणून थोडं घासायचं, करंगळी फिरवायची, पुन्हा थोडं. तिची पाठ भरून आली, बोटं सुन्न झाली. चौथ्या पोर्टात करंगळी एका बाजूनं फिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि मध्ये काहीच लागलं नाही. तिनं खात्री पटेना म्हणून पुन्हा फिरवली. काहीच नाही.

पॅकिंग कापून लावलं, नट आवळले, कार्बोरेटर चढवला. बॅटरीच्या वायरी जोडून किल्ली फिरवली. जीप दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. कोपऱ्यात इतके दिवस पडून असलेलं ते इंजिन एकसारखं, न अडखळता चालायला लागलं. सुषमानं मॅनिफोल्डच्या सांध्यांवर डिझेलचं फडकं पिळून बघितलं, कुठंही हवा ओढत नव्हती. बॉनेटला टेकून ती ऐकत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला न विचारता एवढं मोठं काम केलं होतं, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. तिला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ इतका थकवा आला की किल्ली बंद करून ती तिथंच सीटवर बसून राहिली.

मग उठून तिनं मॅनिफोल्ड पुन्हा खोलला. रविवारी त्याच्या डोळ्यांसमोर बसवायचा म्हणून.

राहिली खाच. भिंतीवरची तिकोनी कानस तिनं काढली आणि डाव्या कानावर टेकवली. एवढीशी तर गोष्ट. दोन हात मारले की झालं. पण कानस पुढं सरकेना. नळ्या कापता आल्या, जुनी खाच भरता आली, आणि ही नवी खाच पाडणं मात्र तिला चोरीसारखं वाटलं. कुणाच्या तरी मेंढराच्या कानाला आपली खाच पाडावी तशी. तिनं कानस जागेवर ठेवली. त्याची दृष्टी कुठं एवढी राहिलीय, असं स्वतःला समजावलं. मग चंदेरी रंगाचा डबा शोधून सबंध मॅनिफोल्ड रंगवून टाकला, गाठीही झाकल्या आणि कानही.

रविवारी इंद्रजीत सकाळीच आला. येताना पेढे घेऊन आला होता. बिरदेवची खुर्ची सुषमानं आज आत, जीपशेजारी मांडली होती.

"मामा, वळाकलं का? केंदूरचा इंद्रजीत."

"व्हय."

"आबा आंगूळ करून बसल्यात बगा. टोपी घालून. मी म्हनलं अजून जीप यायचीय, तर म्हनले येईल तवा येईल, मी बसतो." इंद्रजीतनं फळीवरच्या मॅनिफोल्डकडं बघितलं. "ह्यो का? आयला, लईच भारी झालाय. कंपनीचा वाटतोय. मामांच्या हाताला तोड न्हाई."

"ह्यांनी करूनच ठिवल्याला व्हता," सुषमा मोठ्यानं म्हणाली. "गंज चढला व्हता वरनं, म्हनून मी आपला रंग मारला. बाकी काय न्हाई."

तिनं मॅनिफोल्ड उचलला आणि जीपकडं वळली. तेवढ्यात बिरदेवनं डावा हात वर केला.

"व्हय," तो म्हणाला.

"बसवती की आता. बसवल्यावर बगा."

"व्हय!" त्यानं हात खाली घेतला नाही.

इंद्रजीत हसला. "बगू द्या की मामी. त्यांचंच काम हाय."

सुषमानं मॅनिफोल्ड नेऊन त्याच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून समोर उकिडवी बसली, कारण त्याला एका हातानं पेलला नसता. बिरदेव कधीच कशाला रंग मारायचा नाही. रंग म्हणजे लपवालपवी, असं त्याचं मत. अंगठ्याच्या नखानं त्यानं एका नळीच्या मुळाशी रंग खरवडला. खाली तिची गाठ निघाली. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. पुढच्या नळीशी आणखी एक गाठ होती, तिच्यावरूनही फिरवलं. सुषमा त्याच्या तोंडाकडं बघेना.

मग त्याचा अंगठा डाव्या कानावर गेला. वरच्या कडेनं एकदा, दोनदा फिरला. तिथं काही नव्हतं. हात संथपणे सबंध फ्लँजवरून पलीकडं आला, उजव्या कानावर. भरलेल्या जागी तो थांबला. घासून सपाट केलेली असली तरी बोटाला ती कळते, हे सुषमालाही माहीत होतं. तीही बोटानंच ओळखायला शिकली होती, याच माणसाकडून.

त्यानं डोळे मिटले. सुषमाला वाटलं, झालं. आता याला सगळं कळलं. आपण दोन दिवस मर मर मेलो ते ज्याच्यासाठी, ते हातचं गेलं. तिला त्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणावंसं वाटलं की तुमी आजारी व्हता, तुमची चूक न्हाई, मीच त्या दिवशी वंगाळ बोलले. पण इंद्रजीत उभा होता.

बिरदेवनं डोळे उघडले आणि भिंतीकडं बोट केलं. "व्हय."

"काय पायजे? पानी?"

त्यानं बोट हलवलं नाही. सुषमानं वळून बघितलं. बोटाच्या रोखानं तिकोनी कानस टांगलेली होती.

तिनं उठून ती आणली आणि त्याच्या डाव्या हातात दिली. बोटं कानसीच्या मुठीवर नीट बसवून दिली. आपली खाच घ्यायची आहे याला, एवढंच आहे, असं वाटून तिच्या जिवात जीव आला. तिनं मॅनिफोल्ड फिरवून डावा कान त्याच्यासमोर आणला.

बिरदेवनं कानसीच्या मुठीनं तो मागं लोटला. तिनं पुन्हा पुढं केला. त्यानं पुन्हा लोटला, जरा रागानंच, आणि हाताच्या कोपरानं मॅनिफोल्ड वळवत वळवत उजवा कान स्वतःपुढं घेतला. कानस त्यानं भरलेल्या जागेवर टेकवली.

"अहो, त्यो उजवा हाय," सुषमा हळूच म्हणाली.

कानस एकदा पुढं गेली. डाव्या हाताची सवय नव्हती, ती घसरली. त्यानं पुन्हा टेकवली.

"मामी, काय करत्यात मामा?" इंद्रजीतनं विचारलं.

"खाच घेत्यात. खूण आसती आमची," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं वाकली. "अहो, ऐकताय का? उजवा कान हाय त्यो. आपला डावा."

बिरदेवनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. अटॅक आल्यापासून इतका वेळ तो कुणाकडं बघत राहिला नव्हता.

"व्हय," तो म्हणाला.

सुषमाला गिताबाईंनी खाचून घेतलेले आपल्या मेंढ्यांचे उजवे कान आठवले. कानस पुन्हा चालू झाली, वेडीवाकडी, थांबत थांबत, आणि चंदेरी रंगाखालून लोखंडाचा बारीक भुगा त्याच्या धोतरावर पडू लागला. तिनं मॅनिफोल्ड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.